कागदावरचा ऊस

त्या दिवशीची बातमी झुंबरबाईला कळली ती म्हशीमार्फत.

परड्यात आक्काताई धार काढत होती आणि आत झुंबरबाई भाकरी थापत होती. मधे भिंत, भिंतीला एक झरोका. आक्काताईनं चरवी बाजूला ठेवली, म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि शेजारच्या गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ऐक गं बाई! आज दहा वाजता तलाठी भाऊसाहेब मळीच्या रानात येणार हाईत. पुराच्या अनुदानाचा पंचनामा चावडीत बसून करायचा न्हाई, रानात उभं ऱ्हाऊन करायचा, असं मी काल सांगून आलोय. घरात कुणाला कळवायचं असंल तर कळीव."

म्हशीनं कान हलवले. झुंबरबाईची भाकरी मात्र तव्यावर करपली.

अकरा वर्षं ह्या नणंद-भावजयींचा अबोला होता. म्हणजे तोंडं बंद होती असं नाही, वरुट्यांच्या घरात तोंड बंद ठेवून कुणी जगलंच नसतं. पण जे काय बोलायचं ते म्हशीला. "सांग गं म्हशी, सरकी संपली म्हणावं." "सांग गं, पावणं येणार हाईत, दूध वाढवून ठेव म्हणावं." सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या तेराव्याला झुंबरबाईनं चार माणसांत विचारलं होतं, "आता आबा गेलं, मळीच्या रानाचं काय करायचं ते बघा की." त्या संध्याकाळी आक्काताईनं आपली चूल उचलून पडवीत मांडली आणि सोप्याच्या उंबऱ्याच्या आत परत पाऊल ठेवलं नाही. तेव्हापासून गोठ्यात तिसरी म्हैस आली, पण अबोला तोच राहिला.

मळीचं रान म्हणजे पंचगंगेच्या काठचं दीड एकर. आक्काताई नवऱ्याला सोडून माहेरी आली तेव्हा झुंबरबाईचा राजवीर पाळण्यात होता. आबांनी भरल्या घरात सांगितलं, "मळीचं रान हिचं. कसंल आणि खाईल." बोललेलं सगळ्यांनी ऐकलं, लिहून कुणीच ठेवलं नाही. अठ्ठावीस वर्षं ती तिथं पावसाळ्यात भुईमुगाच्या शेंगा आणि हिवाळ्यात शाळू ज्वारी काढत आली. आबांच्या माघारी झुंबरबाईच्या नवऱ्यानं, सयाजीनं, सगळ्या जमिनीला आपलं एकट्याचं नाव लावलं, आणि चार वर्षांपूर्वी कारखान्याचे शेअर घ्यायचे म्हणून मळीचं रान राजवीरच्या नावावर आणि त्या रानाच्या वरच्या अंगाचे वीस गुंठे झुंबरबाईच्या नावावर केले. एका खात्याला एक शेअर, एका शेअरला एक मत. पण शेअर मिळायला रानात ऊस पाहिजे. मग मळीच्या रानात ऊस लिहिला. रानात शेंगा, कागदावर ऊस.

ह्यात कुणाला काही वावगं वाटायचं कारण नव्हतं. तळसंगी गावात "आमच्यात ऊस न्हाई" म्हणणं म्हणजे "आमच्यात गडीमाणूस न्हाई" म्हटल्यासारखं. पीकपाहणीला तलाठी चावडीत बसला की जो तो छाती काढून सांगायचा, "लिवा ऊस!" मागचा तलाठी बदलून जाताना म्हणाला होता, "तुमच्या गावात विहिरीतसुद्धा ऊस उगवतोय, धन्य आहे." गाव हसलं होतं. आता जुलैअखेर पूर आला, आठ दिवस मळीत पाणी उभं राहिलं आणि गावाला हसू महागात पडलं. पंचनाम्यात साहेबलोक म्हणायला लागले, ऊस तर पाण्यातनं पुन्हा वर आलाय, नुकसान निम्म्याच्या आत, अनुदान नाही. आणि ज्यांचं भात, शेंगा, सोयाबीन कुजून गेलं त्यांच्या कागदावर ऊसच डोलत होता.

झुंबरबाई पदराला हात पुसत सोप्यात आली. सयाजी खुर्चीवर, शेजारी गुंडू. पुराच्या पाण्याची मातकट रेघ भिंतीवर दोघांच्या डोक्याच्या वरनं गेलेली. गुंडूचं रान मळीला लागूनच होतं, आणि सयाजीचा शब्द म्हणजे त्याला देवाचा कौल.

"ऐकलंसा का? आक्काताईंनी भाऊसाहेबाला रानात बोलवलंय."

"कुणाला इचारून?"

"म्हशीला," झुंबरबाई म्हणाली.

सयाजीनं कपबशी आपटली. "आक्का!"

"वरडू नगंस सया, हितंच हाय मी." आक्काताई सोप्याच्या उंबऱ्याबाहेर येऊन उभी राहिली. बासष्ट वर्षांची, काटक, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, हाताला शेणाचा वास. राजवीर रात्रपाळी करून शिरोलीच्या फौंड्रीतनं नुकताच आला होता, तो डबा हातात धरूनच दारात थांबला.

"काय लावलंईस हे?" सयाजी म्हणाला.

"पंचनामा. पुरानं ज्येचं पीक गेलं त्येला सरकार अनुदान देतंय. माझं पीक गेलं."

"तुझं?"

"मग कुणाचं? पेरलं कुणी? भांगललं कुणी? रानडुकरं कुणी हाकलली?"

"कागदाला तिथं ऊस हाय, आक्का."

"आणि रानात शेंगा हुत्या. ऊस लावायला पाणी पायजे. पाण्याची पाळी कधी दिलीस मला? पाणी दिलं न्हाईस आणि ऊस लिवलास व्हय रं?"

गुंडू मधे पडला. "आक्का, अगं गावात सगळ्यांचंच तसं हाय. गाव करील ते राव काय करील."

"तू गप बस, गुंड्या. तुझ्या तर गोठ्यावर ऊस लिवलाय."

राजवीरला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात घालवलं. सयाजीनं सूर बदलला. हा माणूस गोडीत आला की झुंबरबाईला जास्त भीती वाटायची.

"हे बघ आक्का. दिवाळी झाली की कारखान्याची निवडणूक हाय. तीस वर्षं दुसऱ्याच्या मागनं झेंडं धरलं, ह्या खेपेला मला डायरेक्टरला उभं करतो म्हणाल्यात. आणि आज तू त्या कागदावर शेंगा लिवून घेतल्यास की राजवीरचा शेअर गेला, मत गेलं, आणि माझ्या तोंडाला काळं. 'सयाजीचा ऊस कागदी' म्हणून गावभर बोंब हुईल. तुला अनुदानच पायजे ना? सरकार देणार त्येच्या दुप्पट मी पदरचं देतो. आत्ता देतो. जा, भाऊसाहेबाला सांग, चावडीत या म्हणून."

"तू देशील रे," आक्काताई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मी पैशाला न्हाई आलो. त्या कागदाला एक रकाना हाय, 'प्रत्यक्ष कसणाऱ्याचं नाव'. त्यात मला माझं नाव पायजे. अठ्ठावीस वर्षं मी त्या रानात हाय, आणि सरकारचा कागद म्हणतोय तिथं कुणीच न्हाई, ऊस आपला आपण उगवतोय. उद्या मला कुणी ऊठ म्हणालं तर काय दाखवू? हाताचं घट्टं?"

"मी म्हणीन व्हय तुला ऊठ?"

"तू न्हाई म्हणणार. तुझ्या माघारी राजवीर म्हणणार न्हाई कशावरनं? त्येची बायको म्हणणार न्हाई कशावरनं?"

राजवीर डब्याच्या कडीशी चाळा करत खाली बघत राहिला. झुंबरबाईला नणंदेचा राग आला. पोराचं नाव कशाला घ्यायचं मधे? सोप्यात म्हैस नव्हती, म्हणून ती गुंडूकडं वळली.

"गुंडूभावजी, सांगा त्यांना. घरचा माणूस वर चढायलाय, तर पाय वढायचं न्हाईत म्हणावं."

"गुंडू," आक्काताई तिकडनं म्हणाली, "तिला इचार, तिच्या नावानं वीस गुंठं हाईत. त्यातला ऊस कुठल्या तारखेला तुटला, हे तरी तिला कुणी कधी सांगितलं का?"

झुंबरबाई तोंड उघडणार तेवढ्यात सयाजीच हसला. "तिला काय सांगायचं? ती जमीन तिची कशी असंल? कागदाला नाव हाय नुसतं. मी लावलं, उद्या मी काढीन. बायकांच्या नावाला काय धरून बसतीस गं!"

गुंडूही हसला. दोघं चांगले मोकळे हसले, त्यात वाईटपणा काहीच नव्हता.

आक्काताई हसली नाही. तिनं भावजयीकडं एकदा बघितलं, खोपटीतलं खुरपं कमरेला खोवलं आणि निघून गेली.

"जाऊ दे," सयाजी म्हणाला. "लगतच्या रानातलं दोन पंच लागतात. सह्या न्हाईत तर पंचनामा न्हाई. खालनं बयाबाई करंल एक. वरनं आमचंच हाय. पूर्वेला तू, पश्चिमेला नदी. नदी काय सही करणार न्हाई. गुंडू, तू आज रानाकडं फिरकायचं न्हाईस."

"माझी सासुरवाडी हाय की, गडमुडशिंगीला," गुंडू म्हणाला. "जाऊन येतो."

"आणि राजवीर, बांधावरनं एक चक्कर मार. कुणी शहाणपणा करायचा न्हाई म्हणून सांग."

झुंबरबाई आत गेली. चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं आणि नुसतीच बसून राहिली. कागदाला नाव हाय नुसतं! पूर आला त्या रात्री सगळं गाव भांडी, गाद्या, देव उचलत होतं, तेव्हा तिनं आधी ट्रंकेतला सातबारा काढून पोलक्यात खोचला होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, झुंबरबाई सयाजी वरुटे नाव असलेला. साक्षरतेच्या वर्गात चाळिशीत गिरवून गिरवून ती सही शिकली होती. शेअरच्या फॉर्मवर अंगठा नाही, सही केली होती, आणि घरी येऊन तो दिवस पुरणपोळी करून साजरा केला होता. पुरणपोळी कशासाठी हे नवऱ्यानं विचारलंही नव्हतं.

सातबाऱ्यासोबत तिनं आणखी एक गोष्ट वाचवली होती. माळ्यावर पत्र्याचा डबा, त्यात शेंगा. दर दिवाळीला पडवीतनं एक पोतं शेंगा मुकाट्यानं स्वयंपाकघराच्या दारात येऊन पडायचं. कुणी आणलं म्हणायचं नाही, कुणी घेतलं म्हणायचं नाही. अकरा वर्षं ह्या घराची चटणी, आमटीतला कूट, पोरांच्या हातावरचे दाणे सगळं त्या पोत्यातनं. बाहेर उसाच्या गप्पा आणि आत शेंगांवर जेवण. आणि ही त्या बाईशी अकरा वर्षांत एक शब्द बोलली नव्हती. झुंबरबाईला लाज वाटली. राग आला तो नवऱ्याचा की स्वतःचा, ते तिला धड कळेना. "ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये," तिची आई म्हणायची. हिचा नवरा मुळासकट खात होता, आणि मुळाला लागलेल्या दोन्ही बायका त्याच्या दाताखाली आल्या होत्या.

तिनं ट्रंकेतली पिशवी काढली, पोलक्यात खोचली, आणि भाकरीचं गाठोडं डोक्यावर घेऊन मागच्या दारानं निघाली. गाठोडं असलं की बाई कुठं निघाली हे कुणी विचारत नाही.

पांदीच्या वाटेत अजून घोटाभर चिखलाचा रेंदा होता. बाभळीच्या काट्याकुट्याला वाहून आलेली चिरगुटं, कडबा, कुणाचं तरी चप्पल अडकलेलं. मळीच्या रानाजवळ आली तेव्हा बांधावर दहा-बारा माणसं उभी होती. राजवीरची चक्कर झालेली दिसत होती. सगळे पंचनामा बघायला आले होते, पण असे लांब, की कुणी पंच म्हणून हाक मारलीच तर ऐकू आली नाही म्हणता यावं.

रानाच्या मधोमध तलाठी भाऊसाहेब वही उघडून, त्यांच्या शेजारी शेतीखात्याच्या तरुण मॅडम, साडी वर खोचून, सँडल हातात घेतलेल्या. आक्काताई त्यांच्यापुढं ओळीनं चालत खुरप्यानं एकेक रोप उपटून दाखवत होती. काळं पडलेलं, बुळबुळीत. आंबूस वास बांधापर्यंत येत होता.

"हे भुईमुगाचंच आहे," मॅडम म्हणाल्या. "संपूर्ण गेलंय. उसाचा एक बुडखासुद्धा दिसत नाही."

भाऊसाहेबांनी डोकं खाजवलं. "मॅडम, पीकपाहणीला ऊस आहे. मी आज शेंगा लिहिल्या, तर आमचीच पीकपाहणी खोटी ठरते."

"खोटीच आहे की. शेतात दिसतं ते लिहायचं, वरनं तसंच पत्र आहे."

"लिहितो. पण पंच?"

"मी हाय," बयाबाई कांबळे म्हणाली. बौद्धवाड्यातली बयाबाई, खालच्या अंगाच्या रानाची मालकीण. तिचा थोरला राजारामपुरीत शिकवण्या घ्यायचा आणि आईला शेत सोड म्हणायचा. ती काही सोडायची नाही. "माझ्या रानात भात हुतं, मी भात लिवलं हुतं, माझं अनुदान मंजूर झालं बी. आमच्यात कुणाला डायरेक्टर व्हायचं न्हाई, त्यामुळं बरं पडतंय. कुठं करू सही?"

तिनं वळणदार सही केली. भाऊसाहेब म्हणाले, "दुसरे? लगतचे?"

कुणी हललं नाही. आक्काताईनं बांधाकडं बघितलं. "शिवा, तुझ्या लेकीच्या बाळंतपणात दोन महिने शेंगा कुणाच्या खाल्ल्या रं?" शिवा पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला. "मारुती, तू तर माझ्यासंगं पेरायला हुतास." मारुतीला लांब नदीपलीकडं काहीतरी दिसलं.

"आणि ते लगतचे नाहीत," भाऊसाहेब म्हणाले. "पूर्वेचे गुंडू कुठायत?"

"सासुरवाडीला," बांधावरनं कुणीतरी म्हणालं, आणि हशा झाला.

पांदीतनं बुलेट फटफटत आली. सयाजीनं ती चिखलाच्या कडेला लावली, टोपी नीट केली आणि सावकाश बांधावर आला. घाई कशाची? नदी काय सही करणार नव्हती.

"भाऊसाहेब, उगा चिखलात कशाला तरास? पंच न्हाई, पंचनामा न्हाई. चला चावडीत, च्या घेऊ. मॅडम, तुमी बी चला."

भाऊसाहेबांनी वही मिटायला घेतली. आक्काताई तशीच उभी होती, एका हातात खुरपं, दुसऱ्या हातात ते सडकं रोप. ती रडत नव्हती. पण तिचा खालचा ओठ थरथरत होता. अठ्ठावीस वर्षांत झुंबरबाईनं तो थरथरताना कधी बघितला नव्हता, आबांच्या तेराव्यालासुद्धा नाही.

झुंबरबाईनं गाठोडं बांधावर ठेवलं.

"भाऊसाहेब, थांबा. वरच्या अंगाचा खातेदार कोण हाय ते बघा की."

सगळी मुंडकी वळली. भाऊसाहेबांनी पानं उलटली. "वरचा गट... वीस गुंठे... झुंबरबाई सयाजी वरुटे."

"मीच ती." तिनं पोलक्यातनं पिशवी काढली आणि सातबारा उलगडून पुढं धरला. "आणि माझ्या वीस गुंठ्यात ऊस हाय, खरा हाय, बघून घ्या. हितं ऊस न्हाई. कधीच नव्हता. शेंगा हुत्या, आणि त्या आक्काताईंनी पेरल्या हुत्या. मी पंच हाय."

"तुला खूळ लागलंय का?" सयाजी बांधावरनं खाली उतरला. "भाऊसाहेब, घरातली बाई पंच कशी चालंल?"

भाऊसाहेब अवघडले. पण ह्या गावाच्या उसापायी त्यांनीही महिनाभर वरिष्ठांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. "त्या स्वतंत्र खातेदार आहेत, दादा," ते म्हणाले. "खातं तुम्हीच फोडून दिलंय."

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ!" सयाजी ओरडला.

"व्हय," झुंबरबाई म्हणाली. "पण दांडा तुमीच बसवलाईसा."

ती रानात उतरायला लागली. कड निसरडी होती. राजवीर बांधावर बापाच्या शेजारी उभा होता. त्यानं एकदा बापाकडं बघितलं, मग दोन ढांगांत खाली आला आणि हात पुढं केला. "आई, चप्पल काढ. घसरशील."

तिनं चप्पल काढली आणि लेकाच्या हाताला धरून मधोमध आली. भाऊसाहेब लिहीत होते. "पीक भुईमूग... नुकसान पूर्ण... प्रत्यक्ष कसणाऱ्याचं नाव?"

"आक्काताई," आक्काताई म्हणाली.

"पूर्ण नाव सांगा. मधलं नाव, आडनाव."

सासरचं नाव तिनं अठ्ठावीस वर्षांत तोंडातनं काढलं नव्हतं, आणि माहेरचं नाव लावायचा हक्क तिला कुणी दिला नव्हता. जिनं सगळं गाव अंगावर घेतलं, ती बाई त्या एका प्रश्नापुढं शाळेतल्या पोरीसारखी उभी राहिली.

"आक्काताई तातोबा वरुटे," झुंबरबाई म्हणाली. "बापाचं नाव लिवा. रान बापानं दिलंय."

भाऊसाहेबांनी लिहिलं. मग वही झुंबरबाईपुढं आली. 'झुं' काढायला तिला नेहमीच वेळ लागायचा. त्या दिवशी जास्तच लागला, कारण हात चिखलाचे होते आणि दहा-बारा माणसं मान लांब करून बघत होती. तिनं घाई केली नाही. वरुटेतल्या 'टे'ची मात्रासुद्धा नीट दिली.

सयाजी जवळ आला. रागापेक्षा त्याच्या तोंडावर आता अविश्वास जास्त होता. "राजवीरचं मत गेलं. कळतंय का तुला काय केलंस?"

"गेलं," झुंबरबाई म्हणाली. "माझं हाय की. आणि ते कुणाला टाकायचं ते मी बघतो."

बांधावर कुणीतरी शिट्टी मारली. "झालं गा डायरेक्टर!" सयाजीनं गर्रकन वळून बघितलं, तशी माणसं पांगायला लागली. जाता जाता शिवा भाऊसाहेबांच्या कानाशी लागला, "साहेब, माझ्या बी रानात खरं तर सोयाबीनच हुतं वो." त्याच्या मागं मारुतीही घुटमळत उभा राहिला.

बुलेट चार किकांनी सुरू झाली. सयाजी एकटाच गेला. संध्याकाळी घरात काय होणार हे झुंबरबाईला पक्कं ठाऊक होतं. ताट आपटेल, दोन दिवस बोलणार नाही, मग माहेरच्यांना बोलावणं जाईल. होऊ दे. अबोला कसा धरायचा हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

भाऊसाहेब आणि मॅडम शिवाच्या रानाकडं गेले. राजवीर झोपायला घरी गेला. दोघी परतीच्या पांदीला लागल्या, आक्काताई पुढं, झुंबरबाई चार हात मागं, डोक्यावर तसंच न सुटलेलं भाकरीचं गाठोडं.

वळणावर आक्काताई थांबली. काहीतरी बोलायचं होतं तिला. तिनं सवयीनं उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं.

"म्हस घरात हाय, वन्सं," झुंबरबाई म्हणाली. "काय असंल ते मला सांगा."

आक्काताईनं पदरानं तोंड पुसलं. मग एकदम रोखठोक आवाजात, जणू कालच बोलणं तुटलं होतं अशी म्हणाली, "रान वाळलं की पुन्हा शेंगाच पेरायच्या म्हणतो. पर बियाणं सगळं पुरात गेलं. पडवीत एक दाणा ऱ्हायला न्हाई."

"माझ्या माळ्यावर हाईत. डबाभर."

"तुझ्याकडं कुठल्या?"

"तुमच्याच," झुंबरबाई म्हणाली. "गेल्या दिवाळीच्या."